तिचा पुढचा सामना कधी आहे?

गावातली मुलगी पदक जिंकून येते. स्टँडवर हलगी वाजते, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, शाळेत सत्कार होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात तिची कहाणी छापून येते. वडिलांची रिक्षा, आईने गहाण ठेवलेले दागिने, फाटके बूट, भाकरी-चटणीवर काढलेले दिवस. वाचताना डोळे भरून येतात, कात्रण व्हॉट्सॲपवर फिरतं, चार ओळखीचे लोक फोन करतात. पण तिचा पुढचा सामना कधी आहे, कुठे आहे आणि समोर कोण आहे, याचा त्या कहाणीत कुठेच पत्ता नसतो. आठवडाभरात आपण सगळे तिला विसरतो. पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत ती खेळते तेव्हा मैदानाभोवती पुन्हा तेच सोबतचे खेळाडू, पालक आणि पंच.

मुलींच्या खेळाबद्दल लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या, व्हिडिओ करणाऱ्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. तालुक्याचा वार्ताहर, शाळेतले क्रीडाशिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते, आपल्या संघाचं इन्स्टाग्राम सांभाळणारी कॉलेजातली मुलगी, सगळेच त्यात आले. माझं म्हणणं एवढंच आहे, की चाहता म्हणजे वाट पाहणारा माणूस. ज्या गोष्टीने वाचकाला पुढच्या सामन्याची वाट पाहायला लावलं, तिने चाहता मिळवला. जी गोष्ट सत्काराशी संपली, तिने फार तर हळहळ मिळवली. म्हणून लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा: हे वाचून झाल्यावर वाचक नेमकी कशाची वाट पाहणार आहे?

आधी खेळ दाखवा

मराठी पेपरांत खो-खोच्या बातम्या नियमित येतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या कशा असतात? ‘विजयी संघाच्या कर्णधाराने १ मिनिट ५० सेकंद संरक्षण करत ३ गडी बाद केले.’ ज्याने खो-खो खेळलाय त्याला या एका ओळीत अख्खा डाव दिसतो. बाकीच्यांना त्यातून काहीही दिसत नाही, आणि आपल्याला चाहते मिळवायचे आहेत ते या बाकीच्यांतूनच.

ती ओळ उलगडून बघा. दोन खांबांच्या मध्ये आठ आक्रमक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या आहेत. नववी धावते आहे. तिला मधली पाटी ओलांडायची मुभा नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्या मुलीवर यातलं कोणतंच बंधन नाही. ती बसलेल्यांच्या मधून कुठूनही इकडची तिकडे जाऊ शकते. त्यामुळे आक्रमक एकटीने तिला गाठायच्या फंदात पडत नाही. ती बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारून खो देते, स्वतः तिच्या जागी बसते, आणि ताज्या दमाची मुलगी उठते. म्हणजे दर दोन-चार सेकंदांनी पळणारीच्या मागे नवे पाय लागतात. तिचे पाय मात्र तेच, फुप्फुसं तीच. असे १ मिनिट ५० सेकंद ती टिकली. मैदानाच्या कडेला बसून पाहिलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल. मुरलेली संरक्षक धावत येणाऱ्या आक्रमकाकडे कमी आणि बसलेल्यांच्या खांद्यांकडे, टाचांकडे जास्त बघते, कारण पुढचा धोका तिथून उठणार असतो. हे एकदा वाचलेला माणूस पुढच्या वेळी मैदानावर आला, की तोही त्या टाचांकडेच बघत बसेल. चाहता घडायला इथून सुरुवात होते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. निकाल सगळीकडे छापून आला. पण त्या संघातल्या कोणाचं संरक्षण बघण्यासारखं आहे, खांबावर सूर मारून गडी टिपण्यात कोणाचा हात धरणारा नाही, हे खो-खोच्या वर्तुळाबाहेर किती जणांना सांगता येईल? खो-खोचं माहेर असलेल्या राज्यात ही माहिती घरोघर असायला हवी होती. ती पोचली नाही याची जबाबदारी आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांची आहे.

खेळ जितका अपरिचित, तितकं हे काम जास्त लागतं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत होती. त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला म्हणजे ललिता. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत ती दहावी आली. ही सगळी माहिती छापून आली. पण स्टीपलचेस म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्या दहाव्या क्रमांकाचं मोल कळत नाही. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. हर्डल्सचा अडथळा पाय लागला की आडवा होतो. स्टीपलचेसचा अडथळा जाड लाकडी तुळईचा असतो, तो हलत नाही. अंदाज चुकला तर धावपटू आपटते. पाण्याच्या उडीत एक पाय त्या तुळईवर रोवून स्वतःला पुढे फेकायचं, पाण्यात उतरायचं आणि ओल्या बुटांनी वेग न तोडता पुढे पळायचं. आणि हे पोटऱ्या भरून आलेल्या असताना पुन्हा पुन्हा करायचं. ललिता आधी खो-खो खेळायची, हे वर सांगितलंत तर मराठी वाचकाच्या मनात दोन्ही खेळ आपोआप जोडले जातील.

आकडासुद्धा बोलका करता येतो. साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली. वय सतरा. अंतिम लढतीत तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. पंधरा बाण, दीडशेपैकी १४९ गुण. म्हणजे पन्नास मीटरवरून आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पंधरापैकी चौदा बाण, आणि उरलेला एक त्याला लागून असलेल्या कड्यात. पन्नास मीटर म्हणजे किती, हे आपल्या शाळेच्या मैदानावर मोजून वाचकाला सांगा. मग सांगा, की आदल्याच दिवशी अदितीने ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासोबत सांघिक सुवर्ण जिंकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी उपान्त्य फेरीत तिच्यासमोर उभी होती तीच ज्योती. कालची जोडीदार आज प्रतिस्पर्धी, तीही अनुभवाने कितीतरी मोठी. याहून रंगतदार प्रसंग लेखकाला काय हवा? पण त्या आठवड्यातल्या लेखांचा बराचसा भाग तिच्या घराच्या आणि कर्जाच्या वर्णनात गेला.

हलाखीची गोष्ट किती आणि कशी

हलाखी लिहूच नये असं मी म्हणत नाही. ती खरी असते, आणि ती दडवणं हाही अन्याय आहे. अडचण अशी होते, की सगळ्या मुलींच्या हलाखीच्या गोष्टी एकसारख्या दिसू लागतात. नाव झाकलं तर कबड्डीपटू कोण आणि कुस्तीगीर कोण, कळत नाही. वाचकाच्या मनात दया उपजते, आणि दया वाटलेल्या माणसाचा खेळ बघायला कोणी तिकीट काढून जात नाही. विराट कोहलीचा खेळ आपण त्याची कीव येऊन बघत नाही. तो काय करू शकतो हे ठाऊक असतं, म्हणून बघतो.

यावर एक साधा उपाय मला उपयोगी वाटतो. गरिबी, गाव, घर यांचा जो तपशील तिच्या खेळात दिसतो तो ठेवावा, बाकीचा वगळावा. ती चढाच्या रस्त्यावर अनवाणी शाळेला जायची, एवढंच लिहिलं तर ती हजारो मुलींची गोष्ट होते. त्या चढामुळे तिची पावलं आखूड आणि जलद पडतात आणि शेवटच्या टप्प्यात ती चढाला सगळ्यांना मागे टाकते, असं तिचे प्रशिक्षक सांगत असतील, तर तो तपशील सोन्यासारखा आहे. ट्रॅक नसल्याने मुरमाड मैदानावर सराव केला, हे लिहा. आणि मग सिंथेटिक ट्रॅकवर पहिल्यांदा उतरल्यावर पायांना काय वेगळं वाटलं, हे तिलाच विचारा. अडचण आणि खेळ यांचा असा सांधा सापडला, की वाचक तिच्याकडे खेळाडू म्हणून बघतो.

दुसरी गोष्ट, कहाणीचा नायक कोण आहे हे तपासा. ‘दंगल’ २०१६ मध्ये आला आणि तो आवडीने पाहिला गेला, पण त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी लेखांत मुलगी वडिलांच्या स्वप्नाचं साधन होऊन बसली. बापाने स्वप्न पाहिलं, गुरूने घडवलं, मुलीने पदक आणलं. मग ऐन सामन्यात निर्णय कोणी घेतला? तो तिने घेतला. २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकानंतर प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्याबद्दल मराठीत भरभरून लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. मुंबईच्या रणजी क्रिकेटमध्ये धावांचा डोंगर उभा करूनही भारताची टोपी न मिळालेला हा माणूस आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. तरीही लेख लिहून झाला की मोजा: प्रशिक्षकावर किती परिच्छेद, वडिलांवर किती, आणि तिच्या हातापायांवर, डोक्यावर किती. मोजल्यावर चूक आपोआप दिसते.

हरलेल्या दिवशी लिहा

चाहता बांधला जातो तो दीर्घ गोष्टीने, आणि दीर्घ गोष्टीत पराभव असतोच. ८ मार्च २०२० ला मेलबर्नवर टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. समोर ऑस्ट्रेलिया. १६ वर्षांच्या शफाली वर्माने पहिल्याच षटकात अलिसा हिलीचा झेल सोडला. हिलीने पुढे ७५ धावा चोपल्या. शफाली स्वतः २ धावांवर बाद झाली आणि भारत ८५ धावांनी हरला. त्या दिवशी शफालीबद्दल कोणी काय लिहिलं असतं तर उपयोगाचं ठरलं असतं? एवढंच, की ही रोहतकची मुलगी आहे, पहिल्या चेंडूपासून उचलून मारते, आज चुकली, आणि हिच्यावर लक्ष ठेवा.

ज्यांनी ते लक्ष ठेवलं त्यांना २ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ वेगळ्याच उंचीवर अनुभवता आली. विश्वचषकाच्या मूळ संघात शफाली नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन बाद फेरीच्या तोंडावर तिला बोलावलं गेलं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिने ७८ चेंडूंत ८७ धावा केल्या, मग चेंडू हातात घेऊन दोन बळीही मिळवले. सामनावीर तीच. भारत ५२ धावांनी जिंकला. ज्याला ही धावसंख्या फक्त त्या दिवशी कळली, त्याला आनंद झाला. ज्याला मेलबर्नचा सुटलेला झेल आठवत होता, तो खुर्चीत बसू शकला नाही. दोन प्रेक्षकांमधला हा फरक मधल्या साडेपाच वर्षांच्या आठवणींचा आहे, आणि त्या आठवणी लिहिणाऱ्यांनी, बोलणाऱ्यांनी जपायच्या असतात. विजयानंतर संघाने करंडक माजी खेळाडू मिताली राज आणि झूलन गोस्वामी यांच्या हाती दिला, तेव्हा २०१७ चा लॉर्ड्‌सवरचा त्या दोघींच्या संघाचा अंतिम सामन्यातला नऊ धावांचा पराभव ज्यांना ठाऊक होता त्यांना एका शब्दाचंही स्पष्टीकरण लागलं नाही.

तुमच्या तालुक्यातल्या कबड्डी संघाचीही अशीच गोष्ट असते. गेल्या वर्षी कोणाकडून, किती गुणांनी हरल्या? शेवटची चढाई कोणाची होती? त्याच संघाशी या वर्षी पुन्हा गाठ आहे का? ही नोंद कोणीतरी ठेवली पाहिजे. दोनशे पानी वही घ्या. सामना, तारीख, गुण, कोणाची पकड फसली, कोणाचा बोनस निर्णायक ठरला, कोणाला दुखापत झाली, सगळं लिहा. गुणलेखकाशी मैत्री करा. सामना संपल्यावर गुणपत्रिकेचा फोटो काढून ठेवा. मुलींच्या स्थानिक सामन्यांचे आकडे सहसा कोणी जपत नाही, त्यामुळे तीन वर्षांनी तुमची वही हाच त्या संघाचा इतिहास असेल, आणि प्रत्येक नव्या गोष्टीला मागचा धागा तिथूनच मिळेल.

दुखापत, दहावी-बारावीची परीक्षा, नोकरी, लग्न, बाळंतपण, पुनरागमन, हे सगळंही त्या वहीत येऊ द्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनची जगज्जेती झाली, आणि तिचं पहिलं ऑलिंपिक होतं २०२१ मध्ये झालेलं टोकियो, वयाच्या चाळिशीत. मधल्या अकरा वर्षांत तिच्याबद्दल नियमित वाचायला मिळालं असतं तर टोकियोच्या दिवशी तिच्यामागे केवढे लोक उभे असते.

विचारायचं काय

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘खूप छान वाटतंय’ हेच उत्तर येतं. मुलगी लाजाळू असते म्हणून नव्हे, तर प्रश्नच पोकळ असतो. त्याऐवजी एखादा क्षण धरून विचारा. शेवटची दोन मिनिटं उरली होती तेव्हा तुम्ही एकमेकींना काय म्हणालात? त्या चढाईला तू डाव्या कोपऱ्यात का गेलीस? कोणत्या खेळाडूसमोर खेळायला सगळ्यात जड जातं? हरलात त्या रात्री परतीच्या गाडीत कोण बोललं? सरावात तुला कंटाळा कशाचा येतो? अशा प्रश्नांवर मुली खुलतात, हात हलवून खेळ दाखवायला लागतात. तेव्हा लिहिणं थांबवा आणि बघा. ती दाखवत असते तेच तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य असतं.

३० ऑक्टोबर २०२५ च्या विश्वचषक उपान्त्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून ३३९ धावांचं लक्ष्य पार करून दिलं. नंतर तिने सांगितलं, की आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे तिला अगदी आयत्या वेळी कळलं. ती तेव्हा अंघोळ करत होती. धावफलकात न दिसणारा हा तपशील लोकांनी सर्वाधिक आठवणीत ठेवला. त्याच वेळी ती स्पर्धेच्या काळातल्या मनावरच्या ताणाबद्दल, रडण्याबद्दलही बोलली. ते तिने आपणहून, स्वतःला योग्य वाटलं तेव्हा सांगितलं, हे लक्षात ठेवावं. पंधरा वर्षांच्या मुलीसमोर माईक धरून ‘घरच्या परिस्थितीबद्दल सांग’ म्हणत तिला रडवणं, यात मुलाखतीचं कौशल्य काही नाही. आणि ‘लग्नाचं काय’ हा प्रश्न कायमचा बाद करा. पुरुष कबड्डीपटूला तो विचारत नसाल, तर तिलाही नको.

शब्दांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘रणरागिणी’, ‘वाघिणी’, ‘दुर्गा’ ही विशेषणं इतकी झिजली आहेत की त्यांतून कोणाचाच चेहरा दिसत नाही. ‘महिला सचिन’ तर नकोच. सांगलीच्या स्मृती मानधनाचा कव्हर ड्राइव्ह तिच्याच नावाने ओळखला जातो. उलट गावाशी जोडलेली टोपणनावं मात्र मला आवडतात. कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं आणि ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या नावाने नाशिक जिल्ह्यातला एक पाडा महाराष्ट्रभर ठाऊक झाला. ललिता ‘माणदेशी एक्सप्रेस’ झाली. अशा नावांमुळे त्या मुलखातल्या प्रत्येकाला ती आपली वाटते. टोपणनाव मथळ्यात ठेवा, मजकुरात मात्र तिला तिच्या नावाने येऊ द्या.

प्रतिस्पर्धी मुलीचंही नाव लिहा, तिची ताकद लिहा. ‘प्रतिस्पर्ध्यांचा धुव्वा’ एवढंच लिहिलं की आपल्या मुलीचा विजयही हलका होतो. धाराशिव, पुणे, ठाणे, सांगली या जिल्ह्यांच्या खो-खो संघांमध्ये वर्षानुवर्षांची चुरस आहे. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला; तिच्यानंतर तिथे कोण, पुण्याकडे तिच्या तोडीचं कोण, ही चर्चा चहाच्या टपरीवर चालावी इतकं खाद्य आपण पुरवलं पाहिजे.

लोकांना मैदानापर्यंत आणा

प्रत्येक मजकुराच्या शेवटी एक चौकट हवीच: पुढचा सामना, वार, तारीख, वेळ, मैदान, समोरचा संघ, प्रवेश मोफत की तिकीट, थेट प्रक्षेपण असेल तर कुठे. मुलींच्या खेळाबाबत ही साधी माहिती शोधून सापडत नाही, हे मी वारंवार पाहतो. सामन्याच्या दोन दिवस आधी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा ती पुन्हा द्या. शक्य तर आठवड्याचा एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. दर गुरुवारी शाळेच्या फळ्यावर चार ओळी, किंवा मंडळाच्या ग्रुपवर दीड मिनिटाचा आवाजी संदेश, एवढंही पुरतं. महिनाभर गप्प राहून एकदम मोठा लेख लिहिण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे.

येणाऱ्या माणसाला काहीतरी भूमिका द्या. २०२० च्या मेलबर्नच्या अंतिम सामन्याआधी आयोजकांनी लोकांना सांगितलं होतं, की महिलांच्या खेळासाठी सर्वाधिक प्रेक्षकांचा विक्रम १९९९ च्या अमेरिकेतल्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा आहे, ९०,१८५; चला, तो मोडूया. विक्रम मोडला नाही, पण ८६,१७४ माणसं आली. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आपण मोजले जाणार आहोत हे ठाऊक होतं. गावात हेच छोट्या प्रमाणात करता येतं. ‘शनिवारच्या सामन्याला गॅलरीचा पूर्वेकडचा भाग आपण भरायचा’ असं जाहीर करा, भरला की त्याचा फोटो छापा, माणसांसकट.

पहिले प्रेक्षक कोण, याचाही विचार करा. संघातल्या मुलींच्या मैत्रिणी, त्यांच्या आया, आणि त्या गावात पूर्वी खेळलेल्या बायका. या शेवटच्या गटाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश अशा तीन संघांची. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत खेळल्या. वाद कोर्टात गेला, आणि महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांना, माक्स युवे यांना द्यावा लागला. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा मराठी बुद्धिबळाचा हा पन्नास वर्षांचा वारसा तिच्यामागे होता. तुमच्या गावातही कोणीतरी आजी सत्तरच्या दशकात शाळेकडून कबड्डी खेळलेली असते. तिला मैदानावर आणून पहिल्या रांगेत बसवा, सामना बघताना ती काय म्हणते ते टिपा. तिच्यासोबत तिचं अख्खं घर येईल.

फोटो खेळतानाचा हवा: पकडीतला, उडीतला, घाम आलेला चेहरा. हार-तुरे घेऊन पाहुण्यांसोबत उभ्या असलेल्या रांगेत खेळाडू कोण हे शोधावं लागतं. फोटोखाली प्रत्येकीचं पूर्ण नाव, डावीकडून उजवीकडे, आणि जर्सी क्रमांक. नाव चुकवू नका. मुलीने ते कात्रण आयुष्यभर जपायचं असतं. व्हिडिओ करत असाल तर मोबाइल एका जागी स्थिर ठेवा, आणि एका चढाईचा किंवा एका गड्याचा तुकडा अर्ध्या मिनिटात दाखवून वर दोन ओळींत काय घडलं ते सांगा. कॅमेरा कपड्यांकडे, शरीराकडे वळतोय असं वाटलं तर तो तुकडा टाकून द्या.

आणि सांभाळायच्या गोष्टी. अठराच्या आतल्या मुलीबद्दल काहीही प्रसिद्ध करण्याआधी तिची आणि पालकांची परवानगी घ्या. तिच्या सरावाची रोजची वेळ, वसतिगृहाचं नाव, घराकडे जायचा रस्ता, फोन नंबर यातलं काहीही छापू नका. सामन्याचं ठिकाण सांगणं वेगळं आणि मुलगी रोज पहाटे एकटी कुठे धावते हे सांगणं वेगळं. आजारपण, पाळी, वजन यांबद्दल ती बोलली तरी छापण्याआधी तिला पुन्हा विचारा, तिने नको म्हटलं तर तो विषय तिथे संपला. तुमच्या पानावर घाणेरडी टिप्पणी आली तर ती त्याच दिवशी काढा. ती तशीच राहिली तर मुलगी पुढच्या वेळी बोलणार नाही, आणि तिचे आई-वडील कदाचित तिला खेळूही देणार नाहीत. छेडछाडीची, प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाची गोष्ट कानावर आली तर ती बातमीचा विषय होण्याआधी मुलीच्या सुरक्षिततेचा विषय असते. आधी तिच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा आणि चाइल्डलाइनच्या १०९८ क्रमांकावर फोन करा.

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. जिल्हा क्रीडा कार्यालयातून किंवा शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडून वेळापत्रक मिळवा. सगळे खेळ एकदम धरू नका. एक खेळ, एक संघ, त्यातल्या दोन मुली निवडा: एक जी आज सगळ्यांत भारी आहे, आणि एक जी राखीव बाकावर बसते पण उद्या उठेल असं तुम्हाला वाटतं. पहिले दोन आठवडे काहीही न लिहिता फक्त सराव बघा, नियम समजून घ्या, वही भरायला घ्या. मग पहिला मजकूर सामन्याच्या आधी लिहा.